भोंग्यातलं सहावं गाणं

ढाणकीपासून पाच किलोमीटरवर किसनरावाचं वावर आहे, आणि त्या वावरात दोन वर्षं रोज दिवस मावळताना एक इंग्रज रडत असे. आसपासच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्यानं जाणारे गाडी हळू करून ऐकायचे, हसायचे आणि पुढं जायचे. किसनरावाला त्या हसण्याचा राग यायचा. पण राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर कायमच बसलेला, त्यामुळं कुणी मनावर घेत नसे.

इंग्रज तिथं आला तो रानडुकरांमुळं. नदीकडच्या जंगलातून कळपच्या कळप यायचे आणि उभं सोयाबीन, घाट्यावर आलेला हरभरा उकरून टाकायचे. त्यावर सगळ्यांचा उपाय एकच. एक बॅटरी, बांबूवर बांधलेला भोंगा आणि भोंग्यात मेमरी कार्ड. कार्डात वाघाची डरकाळी, कुत्र्यांचं भुंकणं आणि फटाके. पहिले दोन महिने डुकरं घाबरतात. मग त्यांच्या ध्यानात येतं की हा वाघ नुसता बोलतो, खात काही नाही, आणि ती भोंग्याच्या बांबूखालीच उकरायला लागतात.

"वाघ त्याईच्या ओळखीचा झाला बाबा," कपिल म्हणाला होता. "त्याईनं बापजन्मी ऐकलं नसन असं कायतरी पाह्यजे."

कपिल हा किसनरावाचा एकच मुलगा, थोरल्या मुलीच्या पाठचा. पुसदला डिप्लोमा केला, पुण्याला चार वर्षं कंपनीत काढली, आणि एक दिवस बॅग घेऊन परत आला, मी शेती करतो म्हणाला. पुण्याहून त्यानं ना पैसा आणला ना बायको. आणली ती गाणी. खोलीवर राहणाऱ्या कुणा दूरच्या राज्यातल्या मुलानं त्याला हा नाद लावला होता. भोंग्यात त्यानं जी गाणी भरली ती एकोणीसशे ब्याऐंशी सालची. विलायतेच्या उत्तरेला कापसाच्या गिरण्यांचं एक गाव, गिरण्या बंद पडलेल्या, आणि तिथल्या चार बेकार पोरांनी एका तळघरात बसून ती केलेली. रेकॉर्डचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर 'ओल्या भिंती'. तीनशे प्रती काढल्या, निम्म्याही खपल्या नाहीत आणि वर्षभरात चौघांनी चार वाटा धरल्या. बांबूला तार आवळता आवळता कपिल हे सगळं मोठ्या चवीनं सांगत होता. किसनरावाच्या कानात त्यातलं एवढंच शिरलं.

"म्हंजे कापसानं त्याईले बी बुडवलं म्हन," तो म्हणाला.

मग भोंगा सुरू झाला. आधी एक जाड तारांची गिटार, पोटात धडधडणारी. मागं ढोल, पण त्याला वरातीच्या ढोलाचा उत्साह नाही. आत कुणी नसलेल्या घराचं दार कुणी ठोठावत राहावं तसा तो वाजत होता. दुसरी गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी करकरत होती. आणि या सगळ्याच्या तळाशी एका माणसाचा आवाज, विहिरीत बसून बोलल्यासारखा.

"हे गाणं हाय?" किसनरावानं तोंड वाकडं केलं. "कोन मेलं त्याचं?"

"कोनी नाही मेलं. ते असंच राह्यते."

डुकरं मात्र त्या हंगामात फिरकली नाहीत. त्यामुळं किसनरावाची पंचाईत झाली. शिव्या तर द्यायच्या होत्या, पण पीक राखणाऱ्याला शिव्या कशा द्यायच्या? त्यानं मधला मार्ग काढला. गाण्याला शिव्या द्यायच्या आणि बॅटरी आपल्याच हातानं लावायची.

बॅटरी लावून तो मचाणावर चढायचा. बॅटरी नीट चालते का ते पाहायला, असं घरी सांगायचा. बॅटरी चालते का हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. किसनराव चाळीस मिनिटं बसायचा, म्हणजे गाण्यांची एक पूर्ण फेरी, आणि मगच घरी जेवायला यायचा. त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण दोनच महिन्यांत आठच्या आठ गाणी त्याला तोंडपाठ झाली. त्यानं मनातल्या मनात त्यांना नावंसुद्धा ठेवली. पहिलं घंटीचं, दुसरं भांडणाचं, तिसरं दाराचं, पाचवं रडकं, सहावं थंडीचं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. साठीला आलेल्या माणसानं डुकरांच्या भोंग्यातल्या गाण्यांना नावं ठेवावीत, हे त्याला स्वतःलाच शोभणारं वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी पौषात कपिलनं कार्ड काढून पुन्हा लावलं. त्यानंतर रडक्यापाठोपाठ सहावं म्हणून एक नवंच गाणं लागायला लागलं आणि थंडीचं सातवं झालं. इंग्रजाचंच आणखी एक असेल, असं किसनरावाला वाटलं. पण ते मनात बसलं. त्यात ढोल नव्हता. जुन्या डिझेल इंजिनासारखी संथ धडधड होती, मधेच एक ठोका चुकवणारी. त्यावर कुणीतरी रिकाम्या डब्यावर बोटं वाजवत होता. शब्द एकही नाही. नुसतं गुणगुणणं, खोलवरून, आणि शेवटाला एक टिटवी ओरडायची. विलायतेतही टिटव्या असतात आणि इंजिनं आपल्यासारखीच ठोका चुकवतात, याचं किसनरावाला नवल वाटलं. त्या गाण्याच्या वेळी तो तंबाखू मळायला घ्यायचा आणि ती तळहातावर तशीच राहायची.

त्याच दिवसांत एकदा दुपारी कपिलनं विहिरीवरचं जुनं इंजिन सुरू केलं होतं. विजेचा पंप आल्यापासून ते ताडपत्रीखाली पडलेलं. किसनरावानं लांबून आवाज ऐकला आणि धावत येऊन तो खेकसला, "फुकटचं डिझेल कायले जाळून राह्यला बे?" विहिरीवर ओणवा झालेला कपिल उठला, हात झटकले आणि गुमान इंजिन बंद केलं.

आणि मग ती संध्याकाळ आली. कपिल मचाणावर चढून बापाशेजारी बसला. पाचवं रडकं संपलं, सहावं लागलं. कपिल नखाजवळची कातडी ओढत बसला. टिटवी ओरडून गाणं संपलं तेव्हा त्यानं विचारलं,

"बाबा, हे कसं वाटते तुमाले?"

किसनरावाच्या तळहातावर मळलेली तंबाखू तशीच होती. आता पोरानं पाहिलं म्हणून त्यानं ती घाईनं तोंडात टाकली.

"मले काय इचारतं?" तो म्हणाला. "डुकराईले इचार."

कपिल मोठ्यानं हसला. मनापासून हसला. मग खाली उतरून घरी गेला.

त्यानंतर नवव्या दिवशी पुसदहून येताना, अंधार पडायच्या बेताला, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. ट्रॉलीला मागं ना दिवा होता ना लाल फडकं. फोन त्याच्या खिशातच होता, त्याचा चुरा झाला. कपिलचं काय झालं ते किसनरावानं पाहिलं, आणि ते तो कधी कुणाला सांगणार नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना त्यानं भोंग्याला बॅटरी लावली. हरभरा तेव्हा अर्धा काढलेला होता. नंतर वावर उन्हाळाभर रिकामं पडलं, तरी तो रोज बॅटरी लावत राहिला. मोकळ्या वावराची राखण करणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. पण आता कुणी हसलं नाही.

लीलाबाई, त्याची बायको, संध्याकाळी पश्चिमेची खिडकी लावून घ्यायची. वारा तिकडून आला की आवाज घरापर्यंत यायचा. पावसाळाभर तिनं दम काढला. भाद्रपदात एकदा त्याच्यापुढं ताट ठेवताना ती म्हणाली, "पोरगा गेला, आन् त्याचं रडनं तेवढं वावरात बांधून ठेवलं तुमी. मले नाही सहन होत आता."

तशात डुकरांना इंग्रजाचीही सवय झाली. सोयाबीन शेंगांवर आलं आणि एका रात्रीत पिकाच्या चार ओळी, चार तासं, उकरली गेली. त्यातली दोन शेजारच्या श्रावणची. श्रावण चांगला माणूस होता, भांडायला आला नाही. "किसनभाऊ, कार्ड बदला आता," एवढंच म्हणाला. "चाला, मी बी येतो ढाणकीले."

ढाणकीच्या बाजारात पियुषचं मोबाईलचं दुकान आहे. मोबाईलबरोबर तो भोंग्यांची कार्डंही भरून देतो. त्या दिवशी दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. श्रावण स्टुलावर टेकला. पियुषनं कार्ड संगणकात घातलं.

"काका, याच्यात नऊ इंग्रजी गाने हाय. राहू देऊ काय? वाघ भरून बी जागा उरते."

किसनराव बोलणार होता. राहू दे, हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात श्रावण मायेनं, पण मोठ्यानं म्हणाला, "राहू दे ना बे. भाऊ ऐकत असन संध्याकाळचे."

दुकानातले दोघं हसले. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात, पण किसनरावाचे कान तापले.

"मी कायले ऐकतो?" तो म्हणाला. "डुकराईसाठी व्हतं ते. काढून टाक."

पियुषनं बोट दाबलं. त्याला काय बोल लावायचा? त्यानं तर विचारलं होतं.

किसनरावानं मनाची समजूत घातली होती. विलायतेची गाणी, विलायतेत असतीलच की. दिवाळीला लेक, सुरभी, येईल आणि पुन्हा भरून देईल. कुणाला कळायचंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी भोंग्यातून वाघ ओरडला. किसनराव मचाणावर पाच मिनिटं बसला आणि उतरून घरी आला. लीलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि भाकर टाकायला घेतली. तेव्हापासून दिवाळीपर्यंत तो लवकर जेवू लागला आणि त्याचं जेवणावर लक्ष नसायचं.

सुरभी कपिलची थोरली बहीण, अमरावतीला नोकरी करते. भाऊबिजेच्या सकाळी ती पाटाजवळ उगाच उभी होती. ओवाळायला कुणी नव्हतं. किसनराव तिच्याजवळ आला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "सुरभे, डुकरं काही वाघाले भीत नाही. ते पह्यलेचं भरून देतं काय?"

ती काय ते समजली. तिनं फोनवर शोधलं, दोन तास शोधलं. त्या बँडच्या नावावर दोन ओळी कुठंतरी सापडल्या, गाणं एकही नाही. मग तिला आठवलं की मागच्या दिवाळीत कपिलनं तिच्या जुन्या लॅपटॉपवर आपली मेल उघडली होती. लॅपटॉप सुरू केला तर ती अजून उघडीच होती. त्यात डेरिक नावाच्या माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. गाणारा इंग्रज तो हाच. कपिलनं त्याला कुठून तरी शोधून काढलं होतं, आणि गाणी त्यानंच पाठवली होती. पत्रं बरीच होती. भावानं लिहिलेली पहिली ओळ वाचली आणि सुरभीच्या डोळ्यांपुढं अक्षरं फिरायला लागली. तिनं पत्रं न वाचताच आपल्या फोनवर पाठवून ठेवली, गाणी उतरवून कार्डात भरली आणि लॅपटॉप मिटला. भाऊबिजेला भावासाठी काहीतरी केलं, एवढं समाधान तिला वाटलं.

दिवस मावळताना बापलेक मचाणावर बसली. घंटीचं लागलं आणि किसनरावाचा श्वास मोकळा झाला. वर्षभरात पहिल्यांदा तो लेकीशी मोकळेपणानं बोलला. "आता भांडनाचं येते," तो म्हणाला, आणि ते आलं. "आता दाराचं." सुरभी त्याच्याकडं बघतच राहिली. गाण्यांना नावं ठेवणारा हा बाप तिनं कधी पाहिला नव्हता. रडकं संपत आलं तसा त्यानं बटवा काढला, तंबाखू तळहातावर घेतली आणि बसल्या जागी सावरून बसला.

भोंग्यातून थंडीचं गाणं सुरू झालं.

"थांबव," किसनराव म्हणाला. "मंधातलं एक गेलं."

"कोनतं?"

"सहावं. इंजिनाचं. हे सातवं हाय."

सुरभीनं फोनवर पाहिलं. "आठच हाय बाबा. त्यानं आठच पाठवले."

"नऊ व्हते." किसनरावाचा आवाज चढला. "मले शिकवतं काय? पियुषनं बी नऊच सांगितले. इंजिन वाजते त्याच्यात, ठोका चुकते. डबा वाजोते कोनी. आखरीले टिटवी वरडते. रोज ऐकलं म्या. रोज!"

हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं होतं, आणि तेही ओरडून. सुरभीनं भोंगा बंद केला. मग सकाळी न वाचलेली पत्रं तिनं आपल्या फोनवर एकेक करून वाचायला घेतली. थोडं वाचायची आणि त्याला आपल्या भाषेत सांगायची.

पौषातलं पत्र होतं. कपिलनं लिहिलं होतं, "डेरिक, मी पण एक गाणं केलं. तुमच्यासारखं करायचा प्रयत्न केला. आमच्या विहिरीवरचं इंजिन फोनमध्ये रेकॉर्ड केलं, तेलाचा डबा वाजवला आणि विहिरीत डोकं घालून गुणगुणलो, म्हणजे आवाज तुमच्यासारखा यावा. बाबा मधेच आले आणि डिझेल जाळतो म्हणून रागावले, तोवर झालं होतं. तुमचं सहावं मी मागं सरकवलं आणि माझं तिथं ठेवलं. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं तर माझं आहे म्हणूनच ऐकतील. तुम्हालाही आत्ता पाठवत नाही. आधी त्यांना काय वाटतं ते कळू दे. ते लागलं की बाबा तंबाखू खायची विसरतात, एवढं मी पाहिलं आहे. आज विचारणार."

सुरभी थांबली. किसनरावानं नुसती मान हलवली. पुढं वाच.

दुसरं पत्र दोन ओळींचं होतं. "विचारलं. डुकरांना विचार म्हणाले. हसून माझी पुरेवाट झाली. हरभरा निघाला की पुन्हा विचारीन."

त्याखाली डेरिकचं उत्तर होतं. "नक्की विचार. माझा बाप गिरणीत होता. आमचं एकही गाणं त्यानं ऐकलं नाही. ऐक म्हणायची मला लाज वाटली, आणि त्याला विचारायची." त्याखाली त्याचंच आणखी एक, महिनाभरानं लिहिलेलं. "काय म्हणाला तुझा बाप?" ते तसंच पडून होतं. आठ-नऊ महिने त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

तो फोन चुरा झाला होता. ते कार्ड पियुषनं पुसलं होतं. तिसरीकडं ते गाणं कुठंच नव्हतं, आणि हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. सुरभी तोंडावर हात धरून रडायला लागली. किसनराव रडला नाही. तो मचाणावरून उतरला, विहिरीपर्यंत गेला आणि इंजिनावरच्या ताडपत्रीवर हात ठेवून उभा राहिला. मग कठड्यावर ओणवा होऊन त्यानं ते सूर आठवून पाहिले. सुरुवात जमली. विहिरीतून त्याचाच आवाज परत आला. तिसऱ्या वळणाला मात्र तो अडला. पुढं काय होतं? रोज ऐकलेलं, आणि पुढचं काही केल्या येईना. तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून घेत राहिला आणि प्रत्येक वेळी तिथंच अडला. शेवटी सुरभीनं येऊन त्याच्या दंडाला धरलं.

"बाबा, त्या मानसाले काय लिहू?"

किसनराव कठड्यावर बसला. तंबाखूची मूठ त्यानं अजून घट्ट धरली होती. ती त्यानं उघडली आणि तंबाखू खाली सोडून दिली.

"लिव, का गानं चांगलं व्हतं," तो म्हणाला. "नऊ गान्यातलं सगळ्यात चांगलं तेच व्हतं. बाप रोज त्याच्याचसाठी बसत व्हता."

सुरभीनं लिहिलं. "आखीन?"

"आन् लिव, का ते म्याच काढून टाकलं. चार लोक हासतीन म्हनून."

"राहू द्या ना बाबा हे. कायले?"

"लिव."

तिनं तेही लिहिलं. आता पाठवू का, असं तिनं विचारलं, तर तो विहिरीत बघत राहिला. अंधार पडत होता आणि भोंगा बंद होता. वावराच्या खालच्या अंगाला, तुरीच्या बांधाकडून, डुकरं उतरल्याची खसखस ऐकू येत होती. किसनराव उठला नाही.

"त्यानं मले इचारलं व्हतं वं माय," तो म्हणाला. "डुकराईले नाही. मले."